दर महिन्याला तोंड येतं, गोळ्या खाऊनही थांबत नाही

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते, वय ३८. घरीच मुलांच्या शिकवण्या घेते. गेलं दीड वर्ष जवळजवळ दर महिन्याला माझं तोंड येतं. पांढरे-पिवळे छाले, कधी खालच्या ओठाच्या आत, कधी गालात. एक मात्र नेहमी जिभेच्या डाव्या कडेलाच येतो. आठ-दहा दिवस धड बोलता येत नाही की जेवता येत नाही, आणि माझं कामच बोलण्याचं. मेडिकलवाल्याने दिलेल्या बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचे कितीतरी पत्ते संपवले. सासूबाई म्हणतात, पोटात उष्णता झालीय, पोट साफ होत नाही, एरंडेल घे. शेजारच्या काकूंनी तुरटी चोळायला सांगितली. चोळली आणि डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही शाकाहारी आहोत. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे माझे उपास असतात. आम्लपित्तासाठी तीन वर्षांपासून रोज सकाळी एक गोळी घेते. पाळीत अंगावरून खूप जातं, हल्ली जिना चढताना दम लागतो, केसही गळतात. लेक नऊ वर्षांची आहे, माझ्याच ताटात जेवते. तिला लागण होईल का? घरच्या घरी काय करता येईल ते सांगा.

ता. क. आमच्या मिस्टरांच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे आणि त्यात एक जखम आहे. दोन महिने झाले असतील. खर्रा खातात. पण त्यांना काही दुखत नाही, म्हणून आधी लिहिलं नाही.

उत्तर

ताई, मी ताज्या कलमापासून सुरुवात करते, कारण घाई तिथे आहे. तुमच्या छाल्यांबद्दल सविस्तर बोलू. ते त्रासाचे आहेत, पण आवाक्यातले आहेत.

तोंडाच्या आतली त्वचा फार लवकर भरून येते. जेवताना गाल चावला, गरम चहाने टाळू भाजली, तर आठवड्या-दोन आठवड्यांत तिथे खूणसुद्धा राहत नाही. म्हणून आम्ही दातांचे डॉक्टर एक नियम पाळतो. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती डॉक्टरने डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून तपासलीच पाहिजे. तुमच्या मिस्टरांची जखम दोन महिन्यांची आहे. ती दुखत नाही याचा दिलासा मानू नका. साधा छाला जीव नकोसा करतो आणि बरा होतो. तोंडाचा कर्करोग मात्र सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि थांबण्यातच सगळ्यात मोठं नुकसान होतं.

चट्टा आहे म्हणजे कर्करोगच आहे, असं मी म्हणत नाही. गालातले बरेचसे पांढरे चट्टे कर्करोगाचे नसतात. काही मात्र पुढे तिकडे वळू शकतात, आणि कुठला वळेल हे नुसतं पाहून कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी तपासणी लागते.

खर्ऱ्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे त्याला व्यसन म्हणायलाही लोक तयार नसतात. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणाऱ्या त्या पुडीत सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना असतो. बहुतेक जण ती तासन्‌तास एकाच गालात धरून ठेवतात. तुमच्या मिस्टरांचा चट्टा त्याच गालात आहे का, एवढं विचारून पाहा. तंबाखूचा धोका लोकांना माहीत असतो, सुपारीला मात्र साधी समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. तेव्हा ‘मी तंबाखू कमी टाकायला सांगतो’ किंवा ‘मी नुसती सुपारी खातो’ यात काही सुटका नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण ठेल्यावर घोटलेला खर्रा हातोहात मिळतो हे तुम्हालाही दिसतं.

सुपारी आणखी एक काम करते. गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू चामड्यासारखी ताठ करते. आधी तिखट लागताच तोंडाची आग होते, मग गाल पांढुरके दिसायला लागतात, मग तोंड उघडणं कमी होतं. गुपचुप (पाणीपुरी) अख्खा तोंडात जात नाही, शिट्टी वाजत नाही, जांभई अर्धी राहते. घरी पाहायची सोपी पद्धत अशी: त्यांना स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही बोटं आरामात गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर तोंड आखडायला लागलं आहे. एकदा आलेला ताठरपणा पूर्ण उलटत नाही, पण खर्रा सुटला तर पुढचं बिघडणं बरंच रोखता येतं आणि व्यायाम-औषधांनी उघडण्यात फरक पडतो.

त्यांना याच आठवड्यात दाखवायला न्या. मेडिकल चौकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. ओपीडीत ‘गालातली जखम दोन महिन्यांपासून भरत नाही’ हे वाक्य जसंच्या तसं सांगा आणि खर्रा किती वर्षं, दिवसाला किती, हे खरं खरं सांगायला लावा. गरज वाटली तर डॉक्टर जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. त्या वेळी घरातलं कोणी तरी ‘तुकडा काढला की पसरतं’ असं नक्की म्हणेल. हे खरं नाही. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. तुकडा काढू न देता तीन-चार महिने घालवले तर तो वाढतो. पुढच्या उपचारांची वेळ आलीच, तर राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय तुमच्या मानेवाडा रोडवरच आहे. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कर्करोगात छोट्या शस्त्रक्रियेवर भागण्याची आणि माणूस पुढे नीट जगण्याची शक्यता चांगली असते.

एक विनंती. दवाखान्यात जाईपर्यंत खर्ऱ्यावरून भांडण काढू नका. भांडण झालं की ते यायचंच टाळतील. आधी तपासणी होऊ द्या, सोडायचं बोलणं डॉक्टरांसमोर होऊ द्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. त्यांना ती स्वतःहून लावायला सांगा. आणि हे आधीच त्यांच्या कानावर घाला, की तंबाखू सोडल्यावर काही जणांचं काही आठवडे तोंड येतं. ‘खर्रा सोडला आणि छाले आले, म्हणजे मला तो मानवतच होता’ असं म्हणून परत ठेल्यावर गेलेले लोक मी पाहिले आहेत. ते छाले तात्पुरते असतात, जातात.

आता तुमचं.

तुम्ही जे वर्णन केलंय, गोल किंवा लंबगोल छाला, मध्ये पांढरट-पिवळा थर, भोवती लाल कडा, ओठ-गाल-जिभेच्या मऊ भागावर, तो अगदी नेहमीचा प्रकार आहे. पाच माणसांतल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी होतो. आकार सहसा एक सेंटिमीटरच्या आत असतो आणि सात ते चौदा दिवसांत तो आपोआप भरतो. यात जंतुसंसर्ग नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती तोंडाच्याच आतल्या त्वचेवर थोडी उलटते असं आज मानलं जातं. ती का उलटते, याचं प्रत्येकासाठी एकच उत्तर नाही. काही घराण्यांत ते आईकडून किंवा वडिलांकडून येतं.

‘आपोआप भरतो’ हे मी मुद्दाम सांगतेय. छाल्यावर माणूस रोज काही ना काही लावत असतो, आणि आठव्या दिवशी जे लावलं त्याला बरं केल्याचं श्रेय मिळतं. म्हणून प्रत्येक घरात एक रामबाण उपाय असतो आणि प्रत्येक घरातला वेगळा असतो. घरगुती उपायांकडून वेदना कमी होणं, जखम स्वच्छ राहणं आणि जेवता येणं एवढी अपेक्षा ठेवा, तेवढं ते करतात. दर महिन्याला येणं थांबवायचं असेल तर मात्र कारण शोधावं लागेल. तुमच्या पत्रात मला ती कारणं बरीचशी दिसतात.

पहिलं, जिभेच्या डाव्या कडेचा तो एक. बाकीचे जागा बदलतात आणि हा बदलत नाही, म्हणजे तिथे काहीतरी टोचतंय. आरशासमोर उभ्या राहा, जिभेचं टोक डावीकडच्या खालच्या दाढांच्या आतल्या बाजूने हळू फिरवा. कुठे धारदार कड, तुटलेला कोपरा, दातात भरलेलं सिमेंट उखडलेलं लागतंय का? तुम्ही दिवसभर बोलता, म्हणजे जीभ त्या कडेवर दिवसातून हजारदा घासते. दातांचे डॉक्टर ती कड काही मिनिटांत गुळगुळीत करून देतात, भूलही लागत नाही. तो छाला मधल्या काळात पूर्ण भरतो ना, हेही नीट पाहा. भरत नसेल तर तीन आठवड्यांचा नियम तुम्हालाही लागू आहे. मिस्टरांबरोबर तुम्हीही त्याच दिवशी ओपीडीचा कागद काढा.

दुसरं, रक्त. पाळीत जास्त जाणं, जिन्यावर दम, केस गळणं आणि वरचेवर तोंड येणं हे सगळं एका माळेत बसतं, ती माळ म्हणजे शरीरातलं लोह कमी होणं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर बाईच्या अंगात रक्त कमी आहे असं धरतात. पण साठवणीतलं लोह त्याच्याही आधी आटतं, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणणं पुरेसं नाही. संपूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन (साठवणीतल्या लोहाचं माप), बी१२ आणि फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड) या तपासण्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना लिहून मागा. आणि पाळीत जास्त का जातं, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. गळती चालू ठेवून वरून लोहाच्या गोळ्या घेत राहिलात तर कितीही पत्ते संपवा, भरून निघणार नाही.

तिसरं, बी१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी माणसाचा सगळा भार दुधा-दह्यावर असतो. त्यात तुमची आम्लपित्ताची रोजची गोळी. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ही गोळी तेच आम्ल कमी करते. तीन वर्षं रोज घेतल्यावर बी१२ उतरलेलं असणं अगदी शक्य आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी१२ असं उतरू शकतं. तुमची आम्लपित्ताची गोळी एकदम बंद करू नका, पित्त उसळून येईल. ज्यांनी सुरू केली त्यांना विचारा की अजून रोज लागते का, कमी करता येईल का. कितीतरी लोकांची ही गोळी दोन महिन्यांसाठी लिहिलेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते.

मग बी कॉम्प्लेक्सने फरक का पडला नाही? त्या साध्या गोळीत बी१२ अगदी थोडं असतं आणि लोह बहुधा नसतंच. लघवी पिवळीधमक होते ती रायबोफ्लेविनमुळे (बी२ जीवनसत्त्व), त्यावरून ‘अंगी लागतंय’ असा अर्थ निघत नाही. २००९ साली इस्रायलमधल्या एका अभ्यासात, वारंवार तोंड येणाऱ्या लोकांना जिभेखाली ठेवायची १००० मायक्रोग्रॅम बी१२ ची गोळी रोज सहा महिने दिली, तेव्हा छाले स्पष्ट कमी झाले. आणि २०१२ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, रोजच्या मल्टिव्हिटॅमिन गोळीने छाल्यांची संख्या कमी झाली नाही. माझा त्यातून निष्कर्ष सरळ आहे. जे कमी आहे ते तपासून, पुरेशा मात्रेत आणि पुरेसे महिने घ्यावं. मिळेल ती जीवनसत्त्वाची गोळी महिन्यातून आठ दिवस खाऊन काही साधत नाही. बी१२ न तपासता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहू नका, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी१२ च्या कमतरतेने नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

ताटात काय बदलायचं ते थोडक्यात सांगते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, आधी-नंतर तासभर जाऊ द्या, चहा लोह शोषू देत नाही. मोड आलेली मटकी, हरभरा, पालेभाज्या, तीळ, आळीव हे नियमित असू द्या आणि सोबत लिंबू किंवा संत्रं. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. अर्थात छाले असताना संत्रं झोंबेल, तोंड बरं असेल तेव्हा खा. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चला मृग बहाराची संत्री येतात तेव्हा तर रोज एखादं होऊन जाऊ द्या. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि चहा एवढ्यावर राहू नका, साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नसतं. राजगिरा, शेंगदाणे, वाटीभर दही, दूध घ्या. श्रद्धेला कुठेही धक्का न लावता हे होतं.

चौथी गोष्ट अगदी छोटी आहे, पण करून पाहा. तुमच्या टूथपेस्टच्या नळीमागे ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ लिहिलंय का बघा. फेस आणणारा हा पदार्थ काही जणांच्या तोंडाला मानवत नाही आणि तो टाळल्यावर छाले कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. तो नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरा. ब्रश मऊच घ्या.

सासूबाईंचं उष्णतेचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घाम निथळतो, पाणी कमी पडतं, तोंड कोरडं होतं. लाळ ही तोंडाची राखण आहे. ती कमी झाली की चावणं, घासणं, झोंबणं सगळं वाढतं. तेव्हा माठातलं पाणी, ताक, पन्हं, सब्जा घातलेलं सरबत जरूर प्या. एरंडेल मात्र नको. पोट साफ नसल्याने छाले येतात याला आधार नाही, आणि जुलाब लावून अंगातलं पाणीच कमी होईल. पोटाचा आणि छाल्यांचा खरा संबंध वेगळा असतो. महिनोन्‌महिने जुलाब, शौचात रक्त, वजन घटणं, गव्हाचं खाल्लं की पोट फुगणं असं काही सोबत असेल, तर आतड्याचा आजार शोधावा लागतो. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

झोप आणि ताण यांचाही वाटा आहे. काही बायकांना पाळीच्या आधी छाले येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर छाला आला त्या दिवशी एक खूण करा आणि पाळीच्या तारखेची दुसरी. परीक्षांच्या दिवसांत शिकवण्या वाढतात तेव्हा काय होतं तेही त्यातच दिसेल. तीन-चार महिन्यांत चित्र डोळ्यांसमोर येतं आणि डॉक्टरांनाही ते दाखवता येतं.

आता घरच्या घरी काय करायचं ते.

मिठाच्या गुळण्या सगळ्यात भरवशाच्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणानंतर नक्की. तोंडात अर्धा मिनिट खेळवायचं आणि थुंकायचं. मीठ झोंबत असेल तर अर्ध्या कपात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून तसंच करा, तो सौम्य लागतो. मिठाचा खडा छाल्यावर दाबून धरू नका.

साजूक तूप लावल्याने छाल्यावर एक पापुद्रा बसतो आणि घास लागत नाही. लावण्याआधी छाल्यावरची ओल स्वच्छ मऊ कापडाने हलकेच टिपून घ्या, नाहीतर लाळेवर तूप टिकत नाही. सगळे हेच विसरतात. मधही तसाच लावता येतो, दिवसातून तीन-चारदा. काही छोट्या अभ्यासांत त्याने दुखणं कमी झालेलं दिसलं आहे. मधुमेह असेल तर जपून, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नाही. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळला तर बरं वाटतं, पण ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी रोज तो रस गिळू नये, त्याने दाब वाढतो. जाईची पानं किंवा पेरूची कोवळी पानं चावून थुंकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. धुऊन चावलीत आणि बरं वाटलं तर करा, मला त्यात हरकत नाही. बर्फाचा खडा चोखला तरी जेवणाआधी पाच मिनिटं बधिरपणा येतो, शिकवणीच्या आधी तुम्हाला याचा उपयोग होईल.

तुरटीने तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं ते साहजिक आहे. उघड्या जखमेवर खडा चोळला की ती आणखी सोलवटते. लवंगेचं तेल तसंच लावणं, दुखण्याची गोळी गालात धरून ठेवणं यानेही त्वचा भाजते आणि छाल्याच्या जागी मोठी जखम होते. टाकणखार मधात कालवून लहान मुलांच्या तोंडाला लावण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती कृपा करून बंद करा, टाकणखार पोटात गेला तर लहान जिवाला विषारी ठरतो.

दुकानातली जेलं दुखणं कमी करायला चालतात. लिग्नोकेनचं जेल जेवणाआधी थोडंसं लावा, पण त्या बधिर तोंडाने गरम काही खाऊ नका. कोलीन सॅलिसिलेट असलेली जेलं १६ वर्षांखालच्या मुलांना लावायची नाहीत, तेव्हा लेकीपासून दूर ठेवा. छाला येणार हे तुम्हाला आदल्या दिवशीच्या चुरचुरण्यावरून कळत असेल. त्या टप्प्यावर लावायची ट्रायॅमसिनोलोनची (स्टेरॉइडची) पेस्ट दातांचे डॉक्टर लिहून देतात, ती चांगली लागू पडते. स्वतःहून आणू नका, तोंडात बुरशी असेल तर तिने ती वाढते.

छाले असताना तर्री-पोहे, सावजी रस्सा, फोडणीचा चिवडा, पापड यांना सुट्टी द्या. तिखटाने छाला निर्माण होतो असं नाही, पण असलेल्यावर ते झोंबतं, आणि चिवड्या-पापडाच्या कडा नवी खरवड काढतात. मऊ खिचडी-तूप, दहीभात, दुधात कुस्करलेली पोळी, केळं, सगळं कोमट किंवा गार.

छाला एक सेंटिमीटरहून मोठा असेल, ताप असेल, पाणीही गिळता येत नसेल, सोबत डोळे लाल होत असतील किंवा गुप्तांगावरही फोड येत असतील, तर घरगुती उपायांवर थांबू नका. वाचणाऱ्यांपैकी कोणी संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असेल आणि तोंड आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं आणि तोंडातले फोड ही त्याच्या पहिल्या खुणांपैकी एक असू शकते.

लेकीला तुमच्या छाल्यांची लागण होणार नाही, एका ताटात जेवलात तरी. ओठाच्या बाहेरच्या कडेवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो तो वेगळा, तो विषाणूचा असतो आणि पसरतो. तसं कधी झालं तर तेवढे दिवस पेला, टॉवेल वेगळा ठेवा आणि पापी घेऊ नका. तिच्याच तोंडात कधी फोड आले आणि सोबत ताप, हाता-पायांच्या तळव्यांवर पुरळ दिसलं, तर शाळेत न पाठवता बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

रक्ताचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. मिस्टरांची तपासणी झाली की त्यातही काय निघालं ते कळवा.